घारापुरी : आपल्या खाडीच्या तोंडावरील बेट

घणसोली गाव ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर आहे, ही गोष्ट आमच्या पिढीला कोणी शिकविली नाही. ती शिकविण्याची गोष्टच नव्हती. भरतीचे पाणी गावाजवळ येई, आणि ओहोटी लागली की चिखलाच्या वासावरून घरात बसल्या बसल्या ते कळे. पुढे शिक्षकाच्या पेशात असताना मात्र, वर्गात नकाशा मांडून ‘आपले गाव कोणत्या पाण्याच्या काठी आहे?’ असे विचारले की मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत, असा अनुभव आम्हांस अखेरच्या वर्षांत वारंवार आला. यात मुलांचा दोष नाही. रेल्वेचा मार्ग, रुंद रस्ते, उंच इमारती आणि त्यांपलीकडे तिवरांचे दाट बन, अशा चार पडद्यांआड खाडी गेली आहे. जी वस्तू दिसत नाही तिची ओळख राहत नाही, आणि जिची ओळख नाही तिचा इतिहास कोण विचारणार?

मंडळाच्या चालकांनी या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे असे सुचविले, तेव्हा आम्ही दूरचा विषय न घेता याच खाडीच्या तोंडाशी असलेल्या घारापुरी बेटाचा विषय घेतला. परदेशचे लोक ज्यास ‘एलिफंटा’ म्हणतात तेच हे बेट. जगभरचे प्रवासी ते पाहावयास येतात. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने तेथील लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पण आपल्या गावातील किती कुटुंबांनी ते पाहिले आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

ओहोटीने जावे, भरतीने यावे

घणसोलीच्या काठापासून घारापुरी सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने सहा कोस आहे. दिशा दक्षिणेची, किंचित पश्चिमेकडे झुकलेली. यंत्राच्या बोटी नव्हत्या तेव्हा एवढे अंतर माणसे कशी तोडीत असत, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण त्यात आपल्या वडीलधाऱ्यांचे एक संपूर्ण शास्त्र दडलेले आहे.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे लागतात. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. ही वेळ पाहण्यास घड्याळ नको, तिथी पुरे. पौर्णिमा व अमावास्या या दिवशी मुंबईच्या परिसरात दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीच्या आसपास ती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास होते. पौर्णिमा-अमावास्येचे पाणी मोठे, त्यास उधाण म्हणावयाचे. अष्टमीचे पाणी लहान, त्यास भांग म्हणावयाचे. शाळेची पायरी न चढलेला तांडेलही तिथी ऐकून पाण्याची वेळ बिनचूक सांगत असे.

आता याच गणिताने महाशिवरात्रीचा प्रवास मांडून पाहू. महाशिवरात्र ही वद्य चतुर्दशी, म्हणजे अमावास्येच्या आदला दिवस. त्या रात्री दहा-अकराच्या सुमारास भरती भरून पाणी थांबते आणि मग सुकती लागते. त्या सुकतीबरोबर मचवा सोडला, तर पाण्याचा ओघच त्यास दक्षिणेकडे नेतो. ओघाचा वेग ताशी सरासरी दोन मैल धरला तरी सहा तासांत बारा मैल, म्हणजे जवळजवळ नेमके घारापुरीपर्यंतचे अंतर होते. पहाटे चार-पाचच्या सुमारास सुकती संपते. बेटावर उतरून स्नान, दर्शन आटोपेपर्यंत भरती लागलेली असते, आणि तीच भरती मचव्याला सकाळी दहा-अकरापर्यंत परत गावाच्या काठाला आणून सोडते. शीड आणि वल्ही मदतीला. खरा भार पाण्याने वाहावयाचा. जाणे-येणे मिळून बरोबर अर्ध्या दिवसाचा प्रवास! घारापुरीस महाशिवरात्रीची यात्रा फार पूर्वीपासून भरते, आणि खाडीकाठच्या गावांतून माणसे होड्यांनी तेथे जात, असे आमच्या लहानपणी वृद्ध मंडळी सांगत. ही मंडळी ‘आज पाणी कधीचे?’ असे विचारीत, ‘गाडी किती वाजता?’ असे नव्हे.

आजचा मार्ग

आज आपल्या काठावरून बेटास जाणारी नित्याची बोट नाही. गतवर्षी हिवाळ्यात आपल्यातील सात-आठ कुटुंबांनी मिळून अर्ध्या दिवसाची सहल काढली, तेव्हा आम्हांस आगगाडीने खाडी ओलांडून मुंबईस जावे लागले आणि गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँचने पुन्हा पूर्वेकडे यावे लागले. हा धक्का ते बेट सुमारे १० किलोमीटर, वेळ तासाभराचा. सकाळी नऊच्या लाँचने निघून दुपारी दोनपर्यंत परत येता येते. सोमवारी लेणी बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तसेच, १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची एक वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून १५ माणसे प्राणास मुकली. तेव्हा लाँचमध्ये बसताच लहानथोर सर्वांनी जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. खाडीकाठच्या माणसाला पोहता येते हा अभिमान अशा वेळी बाजूस ठेवावा.

लाँच बंदराबाहेर पडली की डाव्या हातास तेलाच्या जहाजांचे जवाहर द्वीप लागते. त्यामागे तुर्भ्याचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी १९५६ साली ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. उत्तरेस शिवडीपासून न्हाव्याकडे गेलेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आडव्या रेघेसारखा दिसतो. तो १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. पूर्वेस १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या. आमच्याबरोबर असलेल्या मुलांना आम्ही अटल सेतूच्या पलीकडे बोट दाखवून सांगितले, ‘त्या पुलाखालून सरळ वर गेलात, वाशीचे पूल ओलांडलेत, की उजव्या हाताला घणसोली.’ एका मुलाने विचारले, ‘मग आपण इकडून का नाही आलो?’ प्रश्न रास्त होता. १९७३ साली वाशीचा पहिला खाडीपूल झाल्यावर माणसांचे जाणे-येणे रस्त्याने होऊ लागले, आणि जी खाडी आपला राजमार्ग होती ती ओलांडावयाची वस्तू झाली.

नाव, हत्ती आणि पुरी

बेटाचा घेर सुमारे सात किलोमीटरांचा आहे. दोन टेकड्या आणि मध्ये खिंड, अशी त्याची ठेवण आहे. खडक आपल्या सह्याद्रीचाच, काळा बसाल्ट. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही त्यावरील तीन गावे. ‘घारापुरी’ या नावाची व्युत्पत्ती कोणी ‘अग्रहारपुरी’वरून लावतात, तर कोणी गुरवांची पुरी अशी लावतात. ‘एलिफंटा’ हे नाव मात्र पोर्तुगीजांनी दिले. राजबंदराच्या बाजूस त्यांना काळ्या दगडात घडविलेला सुमारे १३ फूट लांबीचा हत्ती उभा दिसला, म्हणून त्यांनी यास हत्तीचे बेट म्हटले.

या हत्तीची कथा मुलांना सांगण्यासारखी आहे. १८१४ साली त्याची मान व डोके गळून पडले, आणि पुढे धडही ढासळले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या उद्देशाने उचलण्यात आला, तेव्हा यारी मोडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस राहिले आणि १९१४ च्या सुमारास जोडण्यात आले. भायखळ्यास आजच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी तो उभा आहे. राणीचा बाग आपल्यापैकी सर्वांनी पाहिला असेल. परंतु तेथील दगडी हत्ती हा आपल्या खाडीच्या तोंडावरचा रहिवासी आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

पोर्तुगीजांच्या आधी हे बेट ओसाड नव्हते. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या कारकिर्दीतील, इ. स. ६३४ चा ऐहोळे येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. कोकणच्या मौर्यांचा त्याने पराभव केला आणि समुद्रावरील पुरी नावाची नगरी शेकडो नौकांनी वेढून जिंकली, असे त्यात वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे अनेक विद्वानांचे मत आहे. काहींच्या मते ती दक्षिणेकडील राजपुरी होय. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांतही त्यांचा मुलूख पुरीच्या नावाने, चौदाशे गावांचा म्हणून सांगितला आहे. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष व बौद्ध लेण्यांच्या खुणा आहेत. यावरून शैव लेणी खोदली जाण्यापूर्वीही तेथे वस्ती व व्यापार होता, हे स्पष्ट होते.

महादेवाची लेणी

धक्क्यापासून वर चढण्यास सुमारे १२० पायऱ्या आहेत. वृद्धांसाठी डोलीवाले मिळतात. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस बेटावरील बायामाणसे काकडी, चिंचा, ताक आणि शोभेच्या वस्तू घेऊन बसलेली असतात. वर पोहोचले की पश्चिम टेकडीवरील पाच लेण्यांपैकी पहिले आणि सर्वांत मोठे लेणे समोर येते. पूर्वेच्या टेकडीवर आणखी दोन आहेत.

हे मोठे लेणे सुमारे ३९ मीटर लांब व जवळजवळ तितकेच रुंद आहे. लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, हे बांधलेले देऊळ नव्हे. येथे एक दगड दुसऱ्यावर रचलेला नाही. डोंगर आत आत पोखरीत नेला, खांबांपुरता खडक ठेवला आणि उरलेला काढून टाकला. बांधकामात एखादा दगड चुकला तर तो बदलता येतो. कोरीव कामात एक घाव अधिक पडला तर तो भरून काढता येत नाही. खांब, छत, भिंती आणि भिंतींतील मूर्ती हे सारे एकाच खडकाचे अंग आहे.

पश्चिमेकडे चार दारांचा गाभारा असून त्यात शिवलिंग आहे. प्रत्येक दाराशी उंच द्वारपाल. दक्षिणेच्या भिंतीत मध्यभागी, सुमारे १८ फूट उंचीची तीन मुखांची भव्य मूर्ती आहे. तिला लोक ‘त्रिमूर्ती’ म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश असा अर्थ लावतात. परंतु मूर्तिशास्त्राचे जाणकार तिला सदाशिव म्हणतात. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले शांत व गंभीर मुख तत्पुरुष. एका बाजूचे उग्र मुख अघोर. दुसऱ्या बाजूचे कोमल मुख वामदेव. मागचे सद्योजात आणि वरचे ईशान ही दोन मुखे खडकातच राहिलेली, न दिसणारी समजावयाची. एकाच देहावर क्रोध, करुणा आणि शांती ही तिन्ही शेजारी शेजारी नांदताना पाहून आमच्याबरोबरची वृद्ध मंडळी न सांगता पादत्राणे काढून उभी राहिली.

या मूर्तीच्या एका बाजूस अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूस गंगेला मस्तकावर धारण करणारा गंगाधर आहे. इतरत्र शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध, नटराज, योगीश्वर, सारीपाट खेळणारी शिवपार्वती, आणि कैलास उचलू पाहणारा रावण अशी दृश्ये आहेत. बहुतेक मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. पोर्तुगीज अमदानीत त्यांची मोडतोड झाली, असे पुढच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई व मुंबईचा परिसर पोर्तुगीजांस दिला, तेव्हा हे बेटही त्यांच्याकडे गेले. १५३८ साली जुआंव द काश्त्रू याने येथे येऊन वर्णन लिहिले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर हे बेटही त्यांच्याकडे कायम झाले. १७६४ साली कार्स्टेन नीबूर या प्रवाशाने लेण्यांची चित्रे काढली. १८७१ साली जेम्स बर्जेस याने त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८७५ साली इंग्लंडचा युवराज येथे आला, तेव्हा मोठ्या लेण्यात त्यास मेजवानी देण्यात आली. देवाच्या मंडपात परक्या राजपुत्राची पंगत बसली, हाही इतिहासच.

हरवलेली शिळा

लेण्यात आमच्याबरोबरच्या एका मुलीने विचारले, ‘हे कोणी बांधले?’ प्रश्न सर्वांच्या मनातला होता. त्याचे उत्तर देण्यासाठी एक जुनी हकीकत सांगावी लागते.

दियोगो दो कूतो नावाच्या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, पोर्तुगीजांनी हा मुलूख घेतला तेव्हा या लेण्याच्या प्रवेशद्वारावर अक्षरे कोरलेली एक शिळा होती. ती काढून पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजाकडे पाठविण्यात आली. राजाने ती वाचून घेण्याचा प्रयत्न केला. परंतु वाचणारा कोणी मिळाला नाही. पुढे ती शिळा नाहीशी झाली. तिची नक्कल कोणी केलेली नव्हती, ठसा कोणी घेतलेला नव्हता.

त्या शिळेवर काय असेल? आपल्याकडील शिलालेखांत राजाचे नाव, वंश, शक, दानाचे कारण आणि कधी कधी कारागिरांचा उल्लेख असतो. म्हणजे जे वाक्य त्या मुलीस हवे होते, ते त्या शिळेवर असण्याचा संभव फार मोठा. ते गेल्यामुळे विद्वानांना बाराशे-चौदाशे वर्षांनंतर मूर्तींच्या घडणीवरून आणि बेटावर सापडलेल्या नाण्यांवरून अनुमान करावे लागले. कलचुरी वंशातील कृष्णराज या शिवभक्त राजाची नाणी तेथे सापडली आहेत; त्यावरून सहाव्या शतकाच्या मध्यास त्याच्या काळी मोठे लेणे खोदले गेले, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. अनुमान चांगले आहे. पण ते अनुमान आहे. एवढे मोठे शिल्प डोळ्यांसमोर उभे असून करविणाऱ्याचे नाव ठामपणे घेता येत नाही, आणि ज्यांच्या हातांनी ते घडले त्यांच्यापैकी तर एकाचेही नाव उरलेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. ज्ञातीच्या स्मरणिकेत असे लेख लिहिताना ‘हे सारे आपल्याच पूर्वजांनी केले’ असे म्हणण्याचा मोह होतो. घारापुरीचे शिल्पकार आगरी किंवा कोळी होते, असे म्हणण्यास कोणताही लेख नाही. म्हणून आम्ही तसे म्हणत नाही. मात्र एवढे विचाराने म्हणता येते की, बेटावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे काम करीत असताना त्यांचे धान्य, लोखंडी हत्यारे आणि ती माणसे स्वतः पाण्यावरूनच आणावी लागली असणार. हे काम खाडीचे चिखल, खडक आणि भरतीच्या वेळा जाणणाऱ्या काठच्या लोकांशिवाय होणारे नव्हते. ते लोक कोण, हे इतिहासात लिहिलेले नाही. मचवा हाकणाऱ्याचे नाव शिळेवर कोरीत नाहीत.

बेटावरील आपली माणसे

आज बेटावर जी वस्ती आहे ती मुख्यतः आपल्याच आगरी-कोळी समाजाची आहे. बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते आणि त्याची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. पायऱ्यांवर काकडी विकणाऱ्या एका आजींनी आमच्या बायकांचे बोलणे ऐकून ‘तुम्ही कुठल्या?’ असे विचारले, आणि दोन मिनिटांत उरण-पनवेलच्या पट्टीतील सोयरिकी निघाल्या. मग काकडीचे पैसे घेण्यास त्या तयार होईनात. ते मोठ्या आग्रहाने द्यावे लागले.

या माणसांचे जीवन सोपे नाही. जगप्रसिद्ध लेणी ज्यांच्या अंगणात आहेत, आणि मुंबईचे दिवे ज्यांना रोज रात्री समोर दिसत, त्यांच्या घरी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे कायमची वीज नव्हती. संध्याकाळचे काही तास जनित्रावर दिवे लागत. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून बेटास वीज मिळाली. प्रवासी चार तास राहून जातो. बाळंतपण, आजारपण आणि पावसाळ्यातील खवळलेले पाणी यांच्याशी गाठ असते ती या लोकांची. लेण्यांच्या इतिहासात यांचेही एक प्रकरण असावयास हवे.

आपली शिळा

आता आपल्या गावाकडे वळू. ‘आगरी’ हे नाव आगरावरून, म्हणजे मिठाच्या व भाताच्या आगरावरून आले, असे मानले जाते. खाऱ्या पाण्यास बांध घालून, उघाडी ठेवून, चिखलातून भातशेत व मिठागर उभे करणे ही आपल्या वाडवडिलांची विद्या. लेणेकऱ्यांनी खडक कोरला, आपल्या लोकांनी खाडी कोरली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. फरक एवढाच की खडकावरचे काम राहिले आणि चिखलातले गेले. १९७० साली नव्या शहरासाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातील शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच बांधवांनी प्राण दिले. त्याआधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. घणसोलीही स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणून ओळखली जाते. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. परंतु आपल्या गावच्या खाचरांची नावे काय होती, कोणता बांध कोणी घातला, उघाडीची पाळी कोणाकडे असे, मीठ कोणत्या काठावरून मचव्यात भरले जाई, सत्याग्रहाच्या दिवसांत घरातील बायकांनी काय सोसले, हे कोठे लिहिलेले आहे? ते काही वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि काही घरांतील पत्र्याच्या पेटीत जुन्या कागदांच्या रूपाने आहे.

हिशेब साधा आहे. १९७० साली जो वीस वर्षांचा तरुण शेतावर व मिठागरात राबत होता, तो आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्या पेटीतील कागदांची शाईही त्याच वयाची, किंवा त्याहून जुनी आहे. घारापुरीची शिळा शत्रूने नेली असे आपण म्हणतो. पण ती हरवली यापेक्षा तिची नक्कल नव्हती, ही हानी मोठी. नक्कल असती, तर शिळा गेल्यानेही अक्षरे गेली नसती. आपल्या घरची कागदपत्रे कोणी नेण्याची गरज नाही. वाळवी आणि घराची नवी बांधणी ही दोन कारणे पुरेशी आहेत.

म्हणून आम्ही मंडळापुढे आणि सर्व कुटुंबांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली : प्रत्येक घराने जुने सातबारे, फेरफार, संपादनाचे निवाडे, दाखले आणि छायाचित्रे यांच्या नकला करून एक संच मंडळाकडे द्यावा, मूळ कागद घरीच ठेवावेत. दुसरी : शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींनी दिवाळीच्या सुटीत घरातील आजी-आजोबांजवळ बसून जुन्या खाचरांची, बांधांची, ओहोळांची व मिठागरांची नावे विचारावीत आणि वहीत उतरवून घ्यावीत. आज प्रत्येकाच्या खिशात बोलणे टिपून ठेवणारे यंत्र आहे. त्याचा एवढा उपयोग अवश्य करावा. शब्द जसे उच्चारले जातात तसेच लिहावेत, शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. तिसरी : मंडळाने दरवर्षी हिवाळ्यात मुलांची एक सहल घारापुरीस न्यावी, आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाची तिथी सांगून पाण्याची वेळ मुलांकडूनच काढून घ्यावी.

पहिल्या दोन कामांसाठी आम्ही वेळ देण्यास तयार आहोत. खाडीत आजही हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ठाणे खाडीस रामसर यादीत स्थान मिळाले. पक्ष्यांची मोजदाद होते ही आनंदाची गोष्ट आहे. तेवढ्याच आस्थेने आपल्या माणसांच्या आठवणींची मोजदाद व्हावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा टिपणांसाठी चार पाने राखून ठेवण्याचे चालकांनी मान्य केले आहे. ती पाने रिकामी जाऊ नयेत, एवढीच सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती.